साठीनंतरची लीग : ज्येष्ठ हौशी गोल्फपटूंचे आंतरक्लब सामने

शेजारशेजारच्या गोल्फ क्लबांतील उतारवयाच्या सभासदांनी, कोणतेही मानधन न घेता, हंगामभर एकमेकांच्या मैदानांवर जाऊन खेळलेली सांघिक स्पर्धा म्हणजे ज्येष्ठ हौशी गोल्फपटूंची आंतरक्लब लीग. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि अमेरिका या देशांत अशा लीग मोठ्या संख्येने चालतात. त्यांचे निकाल फार तर स्थानिक साप्ताहिकात चार ओळींत छापले जातात. दूरचित्रवाणीवर त्या दिसत नाहीत आणि प्रेक्षक म्हटले तर एखाद्या खेळाडूचा कुत्रा. तरीही क्रीडाव्यवस्थेच्या दृष्टीने हा प्रकार अभ्यासण्याजोगा आहे. पंचावन्न वर्षांचा कसलेला खेळाडू आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला सामान्य खेळाडू समोरासमोर उभे राहिले, तर सामना न्याय्य कसा व्हायचा, या प्रश्नाचे उत्तर या लीगला दर आठवड्याला द्यावे लागते.

पुढे जाण्यापूर्वी एक शाब्दिक खुलासा. गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठीलाही ‘क्लब’ म्हणतात आणि सभासदांच्या संस्थेलाही. या लेखात ‘क्लब’ म्हणजे संस्था आणि काठी म्हणजे काठीच.

आपल्याकडे गोव्यात वेटरन्स फुटबॉल परिचयाचा आहे. चाळिशी ओलांडलेले जुने खेळाडू गावच्या मैदानावर उतरतात, तेव्हा वयाची अट एवढीच काय ती समता असते. पूर्वी पहिल्या श्रेणीत खेळलेला आघाडीपटू आजही इतरांना भारी पडतो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. गोल्फमध्ये मात्र वय ही केवळ प्रवेशाची पायरी आहे. खरी समता पुढे आकड्यांनी साधली जाते.

पंचावन्नचा आकडा

ज्येष्ठांच्या स्वतंत्र स्पर्धेचा उगम अमेरिकेत सापडतो. न्यूयॉर्कजवळच्या राय येथील अपावॅमिस क्लबमध्ये १९०५ मध्ये होरेस हॉचकिस यांच्या पुढाकाराने वयस्क खेळाडूंसाठी स्पर्धा भरवण्यात आली. तरुणांच्या स्पर्धेत वयस्कांनी पहिल्याच फेरीत बाद व्हावे आणि उरलेले दिवस सज्जात बसून काढावेत, यापेक्षा त्यांची वेगळी स्पर्धा असावी, असा हा साधा विचार होता. तो इतका फळला, की १९१७ मध्ये त्यातून ज्येष्ठांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे अमेरिका आणि कॅनडा यांच्या ज्येष्ठांमध्ये डेव्हनशायर चषकासाठी सांघिक सामनेही होऊ लागले.

युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने ज्येष्ठ हौशी पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये सुरू केली आणि ब्रिटनमध्ये अशी स्पर्धा १९६९ मध्ये आली. दोन्हीकडे आज किमान वय ५५ आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६२ पासूनची असून तेथे अट ५० वर्षांची आहे. स्थानिक लीग मात्र आपापली मर्यादा ठरवतात. कुठे ५०, कुठे ५५, कुठे ६० आणि काही ठिकाणी सत्तरीपुढच्यांचा वेगळा गट. व्यावसायिक ज्येष्ठांची सीमा ५० आहे, पण ते जग निराळे. तेथे पैसा आहे, येथे दुपारचे जेवण आहे.

‘हौशी’ या शब्दालाही नियमांत नेमका अर्थ आहे. २०२२ पासून लागू असलेल्या हौशी दर्जाच्या नियमांनुसार एका स्पर्धेत ७०० पौंड किंवा १,००० डॉलर एवढ्या मूल्यापर्यंतचे बक्षीस घेता येते. हँडिकॅप लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत मात्र रोख रक्कम घेता येत नाही. आंतरक्लब लीगमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. हंगामाअखेर एक ढाल किंवा चषक विजयी क्लबच्या कपाटात वर्षभर राहतो, त्यावर क्लबचे नाव कोरले जाते आणि खेळाडूच्या हाती काही लागत नाही.

सामना कसा होतो

अशा लीगमधील सामने सामान्यतः सोमवार ते शुक्रवार या दिवसांत होतात. शनिवार-रविवारी मैदान नोकरदार सभासदांचे असते. निवृत्तांना मंगळवारची सकाळही मोकळीच. प्रत्येक क्लबच्या ज्येष्ठ विभागाला स्वतःचा कर्णधार आणि चिटणीस असतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने होतात, एक आपल्या मैदानावर आणि एक त्याच्या. घरच्या मैदानाचा लाभ गोल्फमध्ये फार मोठा असतो. कोणत्या उताराला चेंडू डावीकडे वळतो, कोणत्या खड्ड्यामागे आणखी एक खड्डा दडला आहे, हे परक्याला ठाऊक नसते. म्हणून यजमानपदाची अदलाबदल ही न्यायाची पहिली अट ठरते.

सर्वाधिक प्रचलित प्रकार ‘फोरबॉल’ हा आहे. दोन्ही बाजूंचे दोन-दोन खेळाडू एकत्र निघतात आणि चौघेही आपापला चेंडू खेळतात. प्रत्येक होलवर जोडीतील दोघांपैकी ज्याची कामगिरी चांगली, तीच जोडीची धरली जाते. म्हणजे एकाचा चेंडू झाडीत गेला, तरी दुसरा सावरून घेऊ शकतो. ज्येष्ठांना हा प्रकार मानवतो तो याच कारणाने. अठरा होलपैकी पाच-सहा बिघडले, तरी माणूस जोडीदाराला उपयोगी पडतो. याउलट ‘फोरसम’ प्रकारात दोघांनी एकच चेंडू आळीपाळीने मारायचा असतो. तो झटपट संपतो, पण जोडीदाराने चेंडू वाळूत घातला की तो बाहेर काढण्याचे काम आपल्याकडे येते. जुन्या मैत्रीची परीक्षा पाहणारा हा प्रकार आहे.

निकाल एकूण फटक्यांवर ठरत नाही. प्रत्येक होल हा स्वतंत्र झुंजीसारखा जिंकला, हरला किंवा बरोबरीत सोडवला जातो. एक जोडी तीन होलने पुढे आहे आणि दोनच होल उरले आहेत, अशी स्थिती आली की सामना तेथेच संपतो आणि ‘तीन आणि दोन’ असा निकाल लिहिला जातो. जिंकलेल्या जोडीचा एक गुण, बरोबरीचा अर्धा. सर्व जोड्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचा निकाल. गुणतक्ता कसा मांडायचा, जादा गुण द्यायचे की नाही, हे प्रत्येक लीग आपल्या घटनेत लिहून ठेवते.

काही लीग ‘स्टेबलफर्ड’ पद्धती वापरतात. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या शल्यचिकित्सकाने आपल्या कल्पनेचा पहिला प्रयोग १८९८ मध्ये वेल्समधील ग्लॅमरगनशर क्लबवर केला. आज रूढ असलेल्या स्वरूपातील पहिली स्पर्धा १६ मे १९३२ रोजी लिव्हरपूलसमोरच्या वॉलसी क्लबवर झाली. समुद्रवाऱ्यामुळे एखाद्या होलवर दहा-अकरा फटके गेले, की उरलेला दिवस फुकट जात असे. स्टेबलफर्ड यांनी फटके मोजण्याऐवजी गुण मोजायला सुरुवात केली. हँडिकॅपची सूट वजा जाता अपेक्षित फटक्यांत होल पूर्ण केल्यास दोन गुण, एक फटका जास्त गेल्यास एक, एक कमी लागल्यास तीन आणि फारच बिघडल्यास शून्य. शून्य मिळाले की चेंडू उचलून पुढच्या होलकडे चालू लागायचे. हातून एकच होल गेल्याने दिवस वाया जाऊ नये, ही सोय ज्येष्ठांना किती मोलाची वाटते, ते वेगळे सांगायला नको.

हँडिकॅप : आकड्यातला माणूस

आता मूळ प्रश्नाकडे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या क्षमतेचे मोजमाप करणारा आकडा. तो जितका मोठा, तितकी खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट जास्त. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धती लागू झाली. ती आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या दोन नियामक संस्थांनी मिळून आखली. तिच्यानुसार खेळाडूच्या शेवटच्या २० नोंदींपैकी सर्वोत्तम ८ नोंदींची सरासरी हा त्याचा निर्देशांक होतो. कमाल मर्यादा ५४. सर्वोत्तम आठच का, असा प्रश्न पडेल. हा आकडा माणूस सरासरीने कसा खेळतो ते सांगत नाही, चांगल्या दिवशी तो काय करू शकतो ते सांगतो.

हा निर्देशांक सर्वत्र जसाच्या तसा चालत नाही, कारण मैदाने सारखी नसतात. प्रत्येक मैदानाच्या प्रत्येक आरंभचौथऱ्याला, म्हणजे ‘टी’ला, दोन आकडे दिलेले असतात. एक कुशल खेळाडूसाठी अपेक्षित फटक्यांचा आणि दुसरा ‘स्लोप’चा, म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान कितपत जड जाते याचा. स्लोप ५५ ते १५५ या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो. समजा, एखाद्याचा निर्देशांक १८.४ आहे. घरच्या मैदानाचा स्लोप ११३ आणि अपेक्षित फटके ‘पार’इतकेच असतील, तर त्याला १८ फटक्यांची सूट मिळेल. पाहुण्या मैदानाचा स्लोप १२५, अपेक्षित आकडा ७१.२ आणि पार ७२ असेल, तर १८.४ गुणिले १२५ भागिले ११३, त्यातून ०.८ वजा. उत्तर १९.५५, म्हणजे २० फटके. त्याच माणसाला परक्या गावी दोन फटके अधिक मिळाले.

फोरबॉल सामन्यात यापुढे आणखी एक पायरी असते. चौघांच्या मैदानी हँडिकॅपचे ९० टक्के घेतले जातात. एका जोडीत १० आणि २० हँडिकॅपचे खेळाडू आहेत, दुसरीत १४ आणि २७ चे. नव्वद टक्क्यांनी ते अनुक्रमे ९, १८, १३ आणि २४ होतात. सर्वांत कमी असलेल्या ९ च्या खेळाडूला काहीच सूट नाही. बाकीच्यांना त्याच्याशी असलेल्या फरकाइतकी, म्हणजे ९, ४ आणि १५ फटक्यांची सूट. हे फटके कोणत्या होलवर मिळणार, तेही आधीच गुणपत्रिकेवर छापलेले असते, कारण होलना अवघडपणानुसार १ ते १८ असे क्रम दिलेले असतात. बाराव्या क्रमाच्या होलवर चौघांतील सर्वोत्तम खेळाडूला चार फटके लागले आणि सर्वांत कमकुवत खेळाडूला पाच, तर त्या पाचाचे चार होतात. होल बरोबरीत सुटतो. पन्नास वर्षे खेळणाऱ्याला निवृत्तीनंतर काठी हाती घेतलेल्या माणसाने असे रोखून धरणे फारच थोड्या खेळांत शक्य आहे.

हे गणित निर्दोष दिसते. पण गणितात जाणारा कच्चा माल खेळाडू स्वतः पुरवतो, आणि खरी अडचण तेथे आहे. गोल्फमध्ये बहुधा पंच सोबत नसतो. झुडपामागे चेंडूला काठीचा निसटता स्पर्श झाला, तर तो पाहणारा एकटा खेळाडूच. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने, दुसऱ्या कोणालाही न दिसलेली चेंडूची हालचाल स्वतःहून सांगून एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. पुढे ती स्पर्धा बरोबरीत गेली आणि जादा फेरीत विली मॅक्फर्लेन विजयी झाला. क्लबातील गप्पांत हे उदाहरण शंभर वर्षांनंतरही निघते.

हँडिकॅप फुगवणारे लोक प्रत्येक खेळत्या समाजात असतात. किरकोळ खेळात मुद्दाम वाईट नोंदी करायच्या आणि महत्त्वाच्या सामन्यात वाढीव सूट खिशात घालून उतरायचे, ही त्यांची रीत. अशा खेळाडूला ब्रिटनमध्ये ‘बँडिट’ म्हणतात. त्याला आवर घालण्यासाठी पद्धतीत दोन कुंपणे आहेत. निर्देशांकापेक्षा ७ किंवा अधिकने सरस नोंद झाल्यास निर्देशांक आणखी एकाने खाली येतो, १० किंवा अधिकने झाल्यास दोनाने. आणि वर्षभरातील आपल्या सर्वांत कमी निर्देशांकापेक्षा तो ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मी होते, ५ वर तर पूर्ण थांबते.

या दुसऱ्या कुंपणात ज्येष्ठ खेळाडू अडकतो. १२ निर्देशांकाचा एखादा गृहस्थ आजारपणातून उठतो. खांदा पूर्वीसारखा फिरत नाही आणि चेंडू पन्नास पावले अलीकडेच पडतो. त्याच्या नव्या नोंदींचा खरा हिशेब २२ येतो, पण पद्धती त्याला १७ वरच रोखते. लबाडासाठी घातलेली अट प्रामाणिक माणसाच्या पायात येते. यावर नियमांत तोड आहे. क्लबची हँडिकॅप समिती परिस्थिती पाहून ही मर्यादा बाजूला ठेवू शकते. मात्र त्यासाठी त्या गृहस्थाने समितीपुढे जाऊन आपले शरीर आता साथ देत नाही असे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. नियमाच्या दृष्टीने हा एक अर्ज आहे, पण बारावर मिरवलेल्या माणसाला तो लिहिणे सोपे नसते. अनेकजण तो लिहीत नाहीत, सतरावर खेळत राहतात, हरत राहतात आणि एके दिवशी सूचनाफलकावर नाव लिहायचे थांबवतात. लीगला फसवणाऱ्यांमुळे होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी मोठी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती तक्त्यात दिसत नाही, एवढेच.

ब्रिटनमध्ये याला आणखी एक पदर आहे. तेथे थेट सामन्यांतील कामगिरी सहसा हँडिकॅपसाठी धरली जात नाही. जो ज्येष्ठ केवळ आंतरक्लब सामनेच खेळतो, त्याचा आकडा जुनाच राहतो. अमेरिकेत सामन्यातील नोंदही धरली जाते, त्यामुळे तेथील आकडा बदलत्या शरीराच्या बराच जवळ राहतो.

पुढची टी

वयोमानाने घटते ती प्रामुख्याने फटक्याची लांबी. त्यावर सरळ उपाय म्हणजे पुढच्या टीवरून खेळणे. प्रत्येक टीचे मूल्यमापन वेगळे झालेले असल्याने हिशेबात कोणाचाही तोटा होत नाही. तरीही या बाबतीत क्लबाक्लबांत वाद होतात, कारण पुढची टी ही बायकांची, असा एक जुना समज पुरुषांच्या मनात घट्ट बसलेला आहे. म्हणून आता अनेक क्लब टीला लाल-पिवळा असे रंग देण्याऐवजी नुसते आकडे देतात. एवढ्यानेही फरक पडतो.

अठरा होलचे मैदान पायी पालथे घालायचे तर सुमारे आठ-दहा किलोमीटर चालणे होते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये सुमारे तीन लाख स्वीडिश गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतर नागरिकांच्या तुलनेत त्यांचा मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोल्फ खेळल्याने माणूस निरोगी राहतो, की निरोगी माणूसच गोल्फ खेळत राहतो, हा प्रश्न अशा पाहणीत थोडाफार शिल्लक राहतोच. विजेवर चालणारी छोटी गाडी वापरू द्यावी की नाही, हे स्पर्धेची समिती ठरवते. ज्येष्ठांच्या लीगमध्ये ती बहुधा चालते. २०१९ च्या नियमबदलात हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाचऐवजी तीन मिनिटे झाली. नजर अधू झालेल्या चार जणांना गवतात पांढरा चेंडू शोधायला तीन मिनिटे कशी पुरावीत, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र जेवतात. यजमान कर्णधार निकाल वाचून दाखवतो, पाहुणा कर्णधार मैदान राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आणि स्वयंपाकघराचे आभार मानतो. हा शिष्टाचार अनेक लीगच्या लिखित नियमांतही असतो. विधुर झालेल्या सभासदांसाठी आठवड्यातले हे एकमेव सहभोजन असू शकते, हे तेथील चिटणिसांना चांगले ठाऊक असते.

आपल्या बाजूला

हा खेळ भारतात आला तो ब्रिटिशांबरोबर. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मराठी मुलखात आणि मराठी वस्तीच्या शहरांत आज जुनी सभासदी मैदाने आहेत. मुंबईत विलिंग्डन आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब, पुण्यात येरवड्याचे मैदान, बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गायकवाड बडोदा गोल्फ क्लब, हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यालगतचे मैदान. अंतरे मात्र मोठी आहेत. लीगसाठी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर पाच-सहा क्लब लागतात, म्हणजे सत्तरीच्या माणसाला सकाळी निघून दुपारी घरी परतता येते.

गोव्यात हा प्रकार उभा राहिला नाही, त्याचे कारण याहून मूलभूत आहे. येथील मैदाने बहुतांशी हॉटेलांच्या आवारात आहेत. काणकोणच्या राजबागेत नऊ होलचे, मोबोरला बारा होलचे छोटे, बाणावलीत त्याहून लहान. ती पाहुण्यांसाठी आहेत. लीग मैदानांमध्ये होत नसते, सभासदांच्या संस्थांमध्ये होत असते. ज्येष्ठ विभाग, निवडलेला कर्णधार, हँडिकॅप समिती आणि वीस नोंदींची वही यांतले काहीही चार दिवसांच्या मुक्कामात तयार होत नाही.

नवी मैदाने येथे होणेही सोपे नाही आणि त्यामागे सबळ कारणे आहेत. अठरा होलच्या मैदानाला काही दशलक्ष चौरस फूट जमीन आणि उन्हाळ्यात भरपूर पाणी लागते. २९ एप्रिल १९९३ रोजी आशियातील पर्यावरणवाद्यांनी जागतिक गोल्फविरोध दिन पाळला, त्याच काळात गोव्यातही गोल्फ मैदानांविरुद्ध आवाज उठत होता. पुढे तेरेखोलच्या पठारावरील प्रस्तावित मैदानाला तेथील कुळांनी आणि गावकऱ्यांनी केलेला विरोध न्यायालयापर्यंत गेला. ब्रिटनमधील किनाऱ्यालगतची जुनी मैदाने शेतीला निरुपयोगी अशा वाळवंटी पट्ट्यावर वाढली आणि त्यांना पाणी पावसाने पाजले. आपल्या पठारांवर काजू आहे, गुरांचे चरणे आहे आणि त्यांच्याखाली गावाच्या विहिरींचे झरे आहेत.